जुने घड्याळ, नवी तबकडी

घड्याळांविषयी लिहिण्याचा अधिकार एका गायनमास्तरास कोणी दिला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अधिकार कोणी दिलेला नाही. साडेअकरा हजार रुपये मोजून तो मी विकत घेतला आहे. त्याआधी एकदा त्याहून मोठी किंमत मोजली गेली होती. पण ती माझ्या खिशातून गेली नाही, वडिलांच्या गेली. म्हणून हा लेख सल्ला कमी आणि कबुलीजबाब अधिक असा झाला, तर वाचकांनी राग मानू नये.

आमचे दादा बडोद्याच्या कलावंत कारखान्यात वयाच्या सतराव्या वर्षी आजोबांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर तबल्याच्या साथीला लागले. त्यांची नोकरी जेमतेम चार वर्षे टिकली. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, दरबार संपला आणि शिकवण्या सुरू झाल्या. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ; मला दरबार दिसला तो केवळ त्यांच्या बोलण्यातून, आणि त्यांच्या मनगटावरच्या घड्याळातून. ज्या सरदार घराण्यात ते मुलांना शिकवीत, तेथे १९५३ साली लग्न निघाले आणि मांडवातच यजमानांनी ते घड्याळ त्यांच्या हातावर बांधले. 'वेस्ट एंड' कंपनीचे 'सोवार प्रायमा'. ही कंपनी १८८६ साली मुंबईत निघाली. माल स्वित्झर्लंडचा, गिऱ्हाईक हिंदुस्थानचे. 'सोवार' म्हणजे आपलाच 'स्वार', साहेबाच्या तोंडून परत आलेला. बडोद्याच्या जुन्या वाड्यांतून असे एखादे घड्याळ अजून कपाटाच्या खणात निजलेले असेल, याविषयी मला शंका नाही.

दादांच्या घड्याळाच्या तबकडीवर सातच्या आकड्यापाशी चहाच्या रंगाचा एक डाग होता. कधीतरी पावसाचे पाणी आत शिरले होते. २००३ साली त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, पहिल्या शिकवण्यांचे पैसे हातात खुळखुळत होते. त्यांच्या नकळत घड्याळ उचलले आणि एका दुकानात नेऊन दिले. आठ दिवसांनी ते परत मिळाले तेव्हा मी स्वतःच थक्क झालो. केस आरशासारखी, काटे नवे, तबकडी दुधासारखी पांढरी, नाव ठळक काळ्या अक्षरांत. दादांनी ते हातात घेतले, खिडकीपाशी जाऊन पाहिले, कानाशी धरले. मग म्हणाले, "अरे, सातचा डाग कुठे गेला?"

मी म्हणालो, "दादा, साफ करून घेतलं. अगदी नव्यासारखं झालंय."

"चाल तीच आहे," ते म्हणाले, "पण हे माझं घड्याळ नव्हे."

त्यांनी ते पुन्हा कधी मनगटावर बांधले नाही. मला त्या वेळी हा म्हातारपणाचा हट्ट वाटला. ते गेल्यानंतर काही वर्षांनी, सुरतेत राहत असताना, त्या वाक्याचा अर्थ मला कळला. आणि तो समजावून दिला एका ठकाने.

नोकरीनिमित्त मी सुरतेस आलो त्याला आता बरीच वर्षे झाली. मराठी माणसाचे सुरतेशी नाते १६६४ पासूनचे. फक्त तेव्हा आपण घेऊन जाण्यासाठी आलो होतो आणि मी देऊन बसलो, एवढाच फरक. चार वर्षांपूर्वी एका रात्री मोबाईलवर जुन्या वस्तूंचा लिलाव चाळत असता 'सोवार प्रायमा' समोर आले. तीच पांढरी तबकडी, तोच आकार. खाली लिहिले होते: दुर्मीळ, एकाच घराण्याच्या वापरातील, नुकतेच साफ केलेले. लिलावाला सव्वा दिवस उरला होता. दादांचे घड्याळ मी बिघडवले होते, त्याची भरपाई करण्याची संधी दैवाने दिली असे मला वाटले. बोली चार हजारांवर होती. मी पाच म्हटले, कोणीतरी सहा म्हटले. शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही दोघे साडेअकरापर्यंत चढलो. तो दुसरा गृहस्थ खरा गिऱ्हाईक होता की विकणाऱ्यानेच बोली फुगवण्यासाठी बसवलेला होता, हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी पडला. हातातून काही निसटते आहे या भीतीवर लिलाव चालतो. बैठकीत दाद मिळू लागली की गवई जसा उगाच तिसऱ्या सप्तकात शिरतो, तसा बोली लावणारा शेवटच्या पाच मिनिटांत आपली मर्यादा विसरतो.

घड्याळ आले. प्रथम मी ते कानाशी धरले, कारण मला तेवढेच कळते. जुन्या किल्लीच्या घड्याळांची बहुसंख्य मशिने तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. सेकंदाची एक मात्रा धरली तर मात्रेत पाच अक्षरे; ठोका हीच मात्रा धरली तर दोन सेकंदांत झपतालाचे एक आवर्तन. ज्यात बॅटरीचे मशीन दडवलेले असते ते सेकंदाला एकदाच ठोका देते आणि त्याचा काटा उड्या मारीत जातो. तो खोटेपणा तबल्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ओळखील. माझे घड्याळ पाचाचीच चाल चालत होते. मी समाधानाने ते येथील एका वृद्ध घड्याळजींकडे नेले. शहरातला १८७१ चा घड्याळमनोरा जेथे उभा आहे त्याच भागात त्यांचे तीन हात रुंदीचे दुकान आहे. सारे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी भिंग डोळ्याला लावले, मागचे झाकण उघडले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "मास्तरसाहेब, यात तीन घड्याळे आहेत. तुम्ही कोणते घेतलेत?"

केस एका घड्याळाची, मशीन दुसऱ्या कोणा हलक्या बनावटीचे, ते केसमध्ये हलू नये म्हणून कडेला कागदाची चिंधी, आणि तबकडी तिसऱ्याच कोणाची, जुना रंग खरवडून वर नवे नाव छापलेली. या मालाला जगभरच्या घड्याळशोकिनांत एक नाव आहे आणि ते ऐकून मराठी माणसाची मान खाली जावी: 'मुंबई स्पेशल'. फाव्र-ल्यूबाचे 'सी किंग', वेस्ट एंडचे 'सोवार', सीकोचे 'फाइव्ह', आणि आपल्या एचएमटीचे 'पायलट' या घड्याळांच्या रंगवलेल्या आवृत्त्या आपल्या देशातून परदेशी लिलावांत इतक्या गेल्या, की मालाला शहराचे नाव चिकटले. यात सोन्यासारखी महाग घड्याळेच असतात असे नाही. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने १९६१ साली बंगळुरास निघाला. सरकारने तो धंदा गुंडाळण्याचे ठरवले आणि २०१६ पर्यंत बंदही केला, तेव्हा शाळामास्तरांच्या मनगटावरचे साधे 'जनता' घड्याळ एकाएकी संग्राह्य झाले. जेथे हौस वाढते तेथे नक्कल वाढते. अमुक वस्तू महाग म्हणून तिची नक्कल होते, हे अर्धेच खरे आहे. जिच्याविषयी लोकांच्या मनात ओढ आहे, तिची नक्कल होते.

चाचांनी त्या दिवशी मला जे दाखवले, ते येथे सांगतो; कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, तबकडीवरची अक्षरे. कारखान्यातली छपाई बारीक, धारदार आणि एकसारखी असते. रंगाऱ्याच्या हातची अक्षरे भिंगाखाली फुगलेली, कडांना पसरलेली दिसतात. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या नेमक्या समोर येत नाहीत. तळाशी 'स्विस मेड' ही अक्षरे असली तर वाकडी असतात, किंवा मुळीच नसतात. दुसरी, रंग. केशरी, पोपटी, दोन रंगांत विभागलेली तबकडी, वर रेल्वेचे वा सैन्याचे चिन्ह; असला भडकपणा दिसला की समजावे, ती कारखान्याची कल्पना नव्हे, बाजाराची आहे. तिसरी, अंधारातला उजेड. १९६० च्या दशकापर्यंत काट्यांवर रेडियम लावीत. पुढे ट्रिटियम आले आणि तबकडीच्या तळाशी 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंस इंग्रजी 'टी' हे अक्षर छापू लागले. रेडियम नष्ट होत नाही, त्याचे अर्धायुष्य सोळाशे वर्षांचे आहे. पण त्याच्या माऱ्याने उजेड देणारे रसायन काही वर्षांतच थकून जाते. तेव्हा सत्तर वर्षांचे घड्याळ रात्रभर हिरवे लखलखत असेल तर तो लेप नवा आहे. (खऱ्या रेडियमची तबकडी घरी उघडून नखाने खरवडू नये, ती धूळ श्वासात जाणे घातक आहे.) चौथी, केसच्या कडा. वारंवार घासलेल्या केसचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल होतात आणि मागचा क्रमांक पुसट होतो. मुलामा उडून कडेला पितळ दिसत असेल तर दचकू नये. ती प्रामाणिक म्हातारपणाची खूण आहे.

आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची: मशिनाचे छायाचित्र. लिलावात तबकडीची सात चित्रे असतात आणि उघडलेल्या पाठीचे एकही नसते. ते मागावे. मशिनावर कोणाचे नाव आहे, झाकणाच्या आतल्या शिक्क्याशी ते जुळते की नाही, स्क्रूंची डोकी कुरतडलेली आहेत काय, हे पाहावे. विकणारा टाळाटाळ करू लागला, किंवा तेच छायाचित्र दुसऱ्या एखाद्या जाहिरातीत आढळले, तर बोली लावण्याचा विचार सोडून द्यावा. त्याने पूर्वी काय विकले, माल परत घेण्याची मुदत किती, हेही वाचावे. मी यातले काहीही केले नाही. परत पाठवण्याची मुदत संपल्यावर मी चाचांकडे गेलो होतो, आणि तोवर विकणाऱ्याचे खातेच नाहीसे झाले होते. असा प्रसंग ओढवलाच तर स्वस्थ बसू नये. ग्राहक तक्रारीसाठी १९१५ आणि ऑनलाईन पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह परवानगीवाचून मालावर उमटवणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही अडाणी म्हणून फसलात; जाणकार फसत नाहीत. तसे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनेव्हाच्या एका नामांकित लिलावात ओमेगाचे 'स्पीडमास्टर' हे घड्याळ एकतीस लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेले. तपकिरी पडलेली तबकडी, जुनी चाल, सारे काही रसिकांना वेड लावणारे. २०२३ साली उघड झाले की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून सजवलेले होते. मौज अशी की ते विकत घेतले होते खुद्द ओमेगा कंपनीने, आपल्या संग्रहालयासाठी. आणि या प्रकरणात आपल्याच तिघा माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. जेथे घराण्याचे दप्तर सांभाळणारेच खोटी वंशावळ लिहू लागतात, तेथे भिंगाचा काय उपयोग?

तेव्हा केवळ डोळा तयार करून हा रोग जाणार नाही. त्याचे मूळ कोठे आहे, याचा विचार मी पुष्कळ केला, आणि तो करताना पुनःपुन्हा २००३ सालच्या त्या दुकानात जाऊन पोहोचलो. दुकानदाराने मला फसवले नव्हते. मीच त्याला म्हणालो होतो, नव्यासारखे करून द्या. आपल्याला जुने हवे असते, पण त्याचे वय नको असते. आजोबांचे घड्याळ हवे, आजोबांचा घाम नको. या मागणीतून रंगाऱ्याचा धंदा उभा राहिला, आणि त्या रंगाऱ्याच्या पाटावरून ठकाचा. विरोधाभास पाहा: ज्या डागाला मी लाजलो, त्याच डागासाठी जगातले शोकीन जास्त पैसे मोजतात. २०१७ साली न्यू यॉर्कमध्ये पॉल न्यूमन या नटाचे रोलेक्स एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरांना गेले. त्या घड्याळाच्या पाठीवर त्याच्या पत्नीने गाडी जपून चालवण्याविषयी कोरून घेतलेले शब्द होते. कोणी ते घासून गुळगुळीत केले असते, तर काय उरले असते?

सुरतेत राहिल्याने या प्रश्नाची एक दुसरी बाजू मला रोज दिसते. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ हिरे या शहरात पैलू पाडून घेतात, असे म्हणतात. आणि हल्ली याच शहरात यंत्रात वाढवलेले हिरेही होतात. ते काच नव्हेत. तेही शुद्ध कार्बनच, साध्या भिंगाने खाणीतल्या हिऱ्यापासून वेगळे ओळखू न येणारे. जून २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीस साडेसात कॅरटचा असाच एक हिरा भेट दिला, आणि तो प्रयोगशाळेतला आहे हे अभिमानाने सांगून दिला. येथील प्रामाणिक व्यापारी अशा हिऱ्याच्या कडेवर लेसरने अतिसूक्ष्म अक्षरे कोरून घेतात. सांगितले तर तो हिरा सन्मानाने विकला जातो. न सांगता खाणीच्या पुडीत मिसळला तर तोच हिरा फसवणूक ठरतो. वस्तू तीच. फरक पडतो तो फक्त सांगण्याने.

आमच्या विद्येतही हाच दंडक आहे. तंबोऱ्याचा भोपळा फुटला तर नवा बसवतात, तारा तर नेहमीच बदलतात. तेवढ्याने तंबोरा खोटा होत नाही. एखादी चीज मूळ परंपरेतून मिळाली नाही, कोणाचे ध्वनिमुद्रण ऐकून बसवली, तर तसे सांगावे. श्रोते नाराज होत नाहीत. पण तीच चीज 'आमच्या घरची' म्हणून मांडली, की गळा कितीही गोड असो, गवई खोटा पडला. दादा शिष्यांना सांगत, कायदा कोणाचा ते आधी बोला, मग वाजवा. घड्याळाच्या बाबतीत मात्र त्यांच्याच मुलाने हा नियम पाळला नाही.

वाचकांपैकी पुष्कळांची मुले परदेशी आहेत. वाडा विकायचा आहे, कपाटे रिकामी करायची आहेत, आणि एखादा भाचा सुट्टीत येऊन म्हणतो, मामा, ही जुनी घड्याळे ऑनलाईन टाकू, चांगले पैसे येतील. टाकावीत, त्यात गैर काही नाही. फक्त तीन गोष्टी कराव्यात. विकण्याआधी घासू नये, रंगवू नये. पाठ उघडून चित्र द्यावे. आणि घरात जे ठाऊक आहे, कोणाचे होते, कधी मिळाले, काय बदलले, ते चार ओळींत लिहून द्यावे. बक्षिसाचा कागद, दुकानाची पावती, लग्नातले एखादे छायाचित्र ज्यात ते मनगटावर दिसते, असे काही सापडले तर सोबत जोडावे. ठकाला घड्याळ रंगवता येते. वाड्यातली आठवण रंगवणे त्याला इतके सोपे नाही. आपण ती सांगत नाही, म्हणून 'एकाच घराण्याच्या वापरातील' हे त्याचे तीन शब्द खपतात.

दादांचे घड्याळ मी मागच्या वर्षी चाचांकडे नेले. जुनी तबकडी परत आणता येईल का, असे विचारले. ते म्हणाले, ती रंगाखाली गेली, आता परत येत नाही. दुसरी शोधून बसवली तर ती दुसऱ्याची होईल. मशीन मात्र मूळचे आहे, एकही भाग बदललेला नाही. त्यांनी तेल दिले. आता ते पुन्हा चालते.

मी घरी येऊन एक चिठ्ठी लिहिली आणि घड्याळाच्या डबीत ठेवली. त्यात लिहिले आहे: हे घड्याळ १९५३ साली बडोद्यास मिळाले. मशीन आणि केस मूळचे. तबकडी व काटे २००३ साली मुलाने हौसेने बदलले; मूळ तबकडीवर सातच्या आकड्यापाशी पाण्याचा डाग होता. खाली सही आणि तारीख. उद्या माझी मुलगी ते विकील किंवा ठेवील. कसेही झाले तरी ते कोणाला फसवणार नाही. डाग मला परत आणता आला नाही. तो होता, एवढे तरी लिहून ठेवले.